टीव्हीसमोरची खाट

ह्यांना नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं, तेव्हा खाट कुठे टाकायची यावर घरात बराच खल झाला. आमचं औंढ्यातलं घर लहान. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली. तिला सगळे आतली खोली म्हणतात. त्या खोलीत ह्यांचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्याच्या बॅगा, लाइटचे स्टँड, पांढऱ्या छत्र्या आणि अल्बमचे नमुने. तिथे माणूस कसाबसा वळतो. शेवटी माझ्या दिरांनी हॉलमधला दिवाण शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला आणि त्या जागी दवाखान्यात असते तशी, डोक्याकडची बाजू वर उचलता येणारी लोखंडी खाट मांडली. खाटेच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. तो तिथेच राहू दिला. काढून ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

हे म्हणजे माझे पती. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात आम्ही दोघं, आमची सातवीतली लेक आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी मामी म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. दीर कळमनुरीला राहतात, पण त्या दिवसांत ते निम्मेअधिक आमच्याकडेच असायचे.

सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडे बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर लग्न होतं. ते आटोपून हे मोटारसायकलवर परत येत होते. कालव्याच्या रस्त्याला शेतातून रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. एवढं घोड्यासारखं जनावर, धडकलं की गाडी उरत नाही आणि माणूसही. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. पाठीवरच्या बॅगेतला कॅमेरा मात्र जसाच्या तसा निघाला. पुढे कित्येक दिवस मला त्या कॅमेऱ्याचा राग येत होता. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती.

डोक्याचं ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी ह्यांनी डोळे उघडले आणि आम्ही सगळे रडलो, कारण आम्हाला वाटलं की डोळे उघडले म्हणजे माणूस आला. तसं नव्हतं. डोळे उघडे असायचे, पण ते कशावरच टेकायचे नाहीत. मी समोर उभी राहिले तर माझ्यातून आरपार मागच्या भिंतीकडे जायचे. मी बाजूला सरकले तरी तिथेच. हात धरला तर हातात हात यायचा, पण त्यात धरणं नसायचं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा मी घाबरले. त्यांनी शांतपणे समजावलं की आता दवाखान्यात करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पुढचं काम घराचं. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, ओळखीचे चेहरे दाखवा, आवडीची गाणी लावा. कदाचित उपयोग होईल, असं ते म्हणाले होते. मी त्यातलं 'कदाचित' ऐकलंच नाही. नांदेडहून वसमतमार्गे घरी येईपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी आवाज, चेहरे, गाणी हे तीनच शब्द घोकत होते.

घरी आल्यावर पहिले काही दिवस फक्त शरीराचेच गेले. नाकातल्या नळीतून पातळ पेज आणि दूध, कूस बदलणं, पाठीला पावडर, लघवीची पिशवी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली होती. तिचा छोटा पंप सारखा घरघरायचा. मामी दिवसभर लेकाच्या उशाशी बसून बोलायच्या. शेतातलं, गावातलं, मेलेल्या म्हशीचं, ह्यांच्या लहानपणचं. बोलता बोलता थांबायच्या, त्यांच्या तोंडाकडे पाहायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. मला तसं बोलता यायचं नाही. शाळेत चाळीस पोरांसमोर मोठ्यानं बोलणारी मी, पण उत्तर न देणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे मला सुचेना. मी 'अहो' म्हणायची आणि पुढचा शब्दच यायचा नाही.

म्हणून मला टीव्हीची आठवण झाली असावी. 

ह्यांनी एक सोय करून ठेवली होती. लग्न झालं की घरचे लोक अल्बमसाठी फोटो निवडायला यायचे. पूर्वी ते सगळे आतल्या खोलीत कॉम्प्युटरभोवती दाटी करायचे, बायका दारातून डोकावायच्या, लहान पोरं वायरीत अडकायची. मग ह्यांनी काहीतरी करून कॉम्प्युटरमधले फोटो आणि गाणी वायफायवरून थेट हॉलमधल्या टीव्हीवर लावायची युक्ती बसवली. कॉम्प्युटर आत चालू ठेवायचा, आणि बाहेर टीव्हीच्या रिमोटवर त्याचं नाव निवडलं की सगळे फोल्डर उघडायचे. लोक हॉलमध्ये पंख्याखाली चहा पीत बसायचे. मागे हलकं संगीत, समोर एकामागून एक फोटो. नवरीची आई हमखास डोळे पुसायची. मी चहा देऊन आत जायची. ते कसं चालतं, कुठलं बटण दाबतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती, करणारा माणूस घरात होता.

मी लेकीला मामींपाशी बसवून आतल्या खोलीत गेले. कॉम्प्युटर चालू केला. तो चालू झाला. बाहेर येऊन रिमोट हातात घेतला, ह्यांना दाबताना पाहिलं होतं त्या अंदाजानं दाबत गेले. टीव्हीवर 'उपकरण सापडले नाही' असं आलं. पुन्हा केलं. तेच आलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, टीव्ही बंद करून चालू केला, दोन्ही सोबत चालू केले. उपकरण सापडले नाही. एखाद्या सरकारी कचेरीच्या खिडकीतून सांगावं तसं, दर वेळी तेवढेच शब्द.

दीर म्हणाले, "वैनी, पेन ड्राइव्ह लावा ना टीव्हीला. काहून एवढी तकलीफ घेता?" तेही करून पाहिलं. फोटो दिसले, पण गाणं लावलं की फोटो जायचे आणि फोटो लावले की गाणं थांबायचं. एकेक फोटो पुढे सरकवायला बटण दाबत बसावं लागायचं. मला ते तसं नको होतं. मला ह्यांनी लावायचे तसंच लावायचं होतं, गाण्यासोबत, आपोआप सरकणारं. आज मागे पाहिलं तर हा हट्टच वाटतो. पण तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ह्यांच्या हातचंच सगळं जसंच्या तसं समोर आलं, तर ते ओळखतील. थोडंसुद्धा वेगळं झालं तर नाही ओळखणार.

हिंगोलीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात फोन केला. त्यांनी कॉम्प्युटर घेऊन या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडलेला नाही. मग टीव्ही बिघडला असेल, ते म्हणाले, कंपनीला फोन करा. कंपनीच्या फोनवर एक मुलगी हिंदीत गोड बोलली आणि रिमोटचे सेल बदलून पाहायला सांगितलं. सेल बदलले. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. ऑपरेशनच्या वेळीही मी एवढी रडले नव्हते. नवरा खाटेवर पडलेला, आणि मी एका टीव्हीसाठी रडत होते.

त्यानंतर मी रोज शाळेतून येऊन ह्यांची कूस बदलायची, नळीतून कोमट दूध द्यायची आणि आतल्या खोलीत जाऊन बसायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे जे दिसेल ते उघडून पाहायची. काय दाबलं की काय होतं हे कळत नव्हतं, आणि काही कायमचं पुसलं जाईल अशी भीतीही होती. ज्याला विचारायचं तो माणूस भिंतीपलीकडे डोळे उघडे ठेवून पडलेला. एकदा मी खरंच बाहेर आले आणि ह्यांना विचारलं, "अहो, हे कसं लावायचं?" अपघातानंतर माझ्याकडून त्यांच्याशी सहज निघालेलं ते पहिलं वाक्य. त्यांचे डोळे छताकडे होते. मामी म्हणाल्या, "विचार, विचार. विचारत राहा." मी परत आत गेले.

शेवटी कळमनुरीचे एक फोटोग्राफर उपयोगी पडले. ते ह्यांचे जुने सोबती. मोठ्या लग्नात दोघं मिळून काम घ्यायचे. ते भेटायला आले तेव्हा मी घरी नव्हते, म्हणून त्यांनी फोन केला. मी त्यांना ह्यांच्या तब्येतीबद्दल काही न सांगता आधी टीव्हीचंच सांगत सुटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मधल्या काळात वायफायचा डबा बदलला का. बदलला होता. आम्ही नांदेडला असताना वीज कमी-जास्त होऊन जुना डबा जळला आणि केबलवाल्यानं नवा बसवून दिला. ते म्हणाले, मग टीव्ही नव्या डब्याला जोडलेला आहे आणि कॉम्प्युटर अजून जुन्यालाच शोधतोय. दोघांना एकाच डब्यावर आणा, म्हणजे त्यांची ओळख पटेल. 

फोन कानाला लावून ते सांगतील तसं मी करत गेले. पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर होता. तो टाकला. कॉम्प्युटरनं काहीतरी परवानगी मागितली, ती दिली. मग बाहेर जाऊन रिमोट दाबला. जिथे रोज 'उपकरण सापडले नाही' यायचं तिथे एका ओळीत आलं, 'आतली खोली'. ह्यांनी आपल्या कॉम्प्युटरला तेच नाव दिलेलं होतं. मला ते माहीतच नव्हतं. मी खाटेची कड धरून उभी राहिले. 

आता चेहरे दाखवायचे होते. मी फोल्डर उघडत गेले आणि माझ्या लक्षात आलं की आतमध्ये सगळा जिल्हा आहे, आम्ही नाही. शेकडो लग्नं, हळदी, बारशी, मुंजी, दुकानांची उद्घाटनं. औंढ्याच्या देवळासमोर उभ्या राहिलेल्या यात्रेकरूंच्या रांगा, हे तरुणपणी देवळापाशी फोटो काढायचे तेव्हाच्या. आमचे फोटो शोधायला मला बरेच दिवस लागले. लेक लहान असतानाचे काही. मामींचे दोन, दोन्हींत त्यांनी पदर तोंडावर घेतलेला. माझे थोडे, स्वयंपाक करताना न सांगता काढलेले. आणि ह्यांचा स्वतःचा एकही धड फोटो नाही. कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात. एका फोटोत आरशात त्यांचा अर्धा चेहरा होता, पुढे कॅमेरा. तेवढाच. मी ठरवलं की सगळेच दाखवायचे, आमचे आणि लोकांचेही. प्रत्येक फोटो घेताना ते तिथे उभे होते ना. 

गाणी मी निवडली नाहीत. काम करताना ते जी लावायचे त्याच फोल्डरमधली सगळी घेतली. त्यात जुनी गाणी होती, भजनं होती, आणि लग्नाच्या व्हिडिओखाली घालायचं सनईचं आणि बासरीचं संगीत.

रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी टीव्ही लावू लागले. खाटेचं डोकं वर करायचं, ह्यांची मान उशीनं सरळ करायची, आणि लावायचं. मामींनी तर पहिल्याच दिवशी टीव्हीला हात जोडले. शेजारपाजारच्या बायका येऊन खाली बसू लागल्या. आपल्या भाचीचं, दिराचं, गल्लीतल्या कुणाचं लग्न दिसलं की हळूच बोलायच्या. कुणी अंगारा आणायची, कुणी आवाज जरा मोठा कर म्हणायची. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एक तर हवेच्या गादीचा पंप चालायचा किंवा कॉम्प्युटर आणि टीव्ही. दोन्ही सोबत चालवले की इन्व्हर्टर टुक टुक करून बंद पडायचा. मी पंप बंद ठेवायची आणि टीव्ही चालवायची. पाठीला हात लावून पाहत राहायची. 

काहीच होत नव्हतं. रोज तेच. नवरदेव, नवरी, अक्षता, जेवणाच्या पंगती, सनई, आणि ह्यांचे कुठेच न टेकणारे डोळे. मी वेळ वाढवत नेला. आधी थोडा वेळ, मग जेवणं होईपर्यंत, मग सकाळी शाळेत जाण्याआधीही. आवाजही वाढवला. लेक हळूहळू हॉलमध्ये यायची बंद झाली. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अभ्यास करायची आणि कानात बोटं घालायची. एकदा तिनं मला विचारलं, "आई, बाबांना ऐकू येतं का?" मी म्हटलं येतं. "मग ते काहीच का करत नाहीत?" मी तिच्यावर ओरडले, अभ्यास कर म्हणून.

आणि मग ती संध्याकाळ आली. फोटो आपापले पुढे सरकत होते. मी ह्यांच्या पायांना तेल लावत होते. टीव्हीवर तांड्याचे फोटो आले. मांडव, जुने भरजरी घागरे घातलेल्या म्हाताऱ्या, काचेचे तुकडे लावलेल्या ओढण्या, हातभर बांगड्या, हसणारी नवरी. मी हे लग्न आधी पाहिलेलं नव्हतं. एका फोटोत मागे आमची मोटारसायकल उभी होती, हँडलला हेल्मेट अडकवलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिरांनी कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे फोटो सुरक्षित राहावेत म्हणून कॉम्प्युटरमध्ये टाकून ठेवले होते. मला सांगायचं राहिलं होतं. हे त्या दिवसाचे फोटो होते. 

माझ्या हाताखाली ह्यांचा पाय ताठ झाला. वर पाहिलं तर त्यांचा श्वास भराभर चालू होता, छाती वरखाली होत होती, कपाळावर घाम. आणि डोळे मिटलेले होते. गच्च मिटलेले, पापण्यांना सुरकुत्या पडाव्यात इतके. मी रिमोट शोधू लागले, तो खाटेखाली पडला होता. सापडेना तेव्हा मी टीव्हीची पिनच ओढून काढली. मामींनी आरडाओरडा केला की काय झालं, काय झालं. दिरांनी नांदेडला डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी नाडी मोजायला सांगितली, मान सरळ ठेवायला सांगितली, खोलीत शांतता ठेवा म्हणाले. हळूहळू श्वास जागेवर आला. डोळे मात्र ते बराच वेळ मिटूनच होते.

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावला नाही. मामींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की एवढ्या दिवसांत पहिल्यांदा लेकाच्या अंगात काहीतरी हललं, आणि नेमकं तेव्हाच मी बंद केलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी आमचे घरचे फोटो तेवढे वेगळे काढले आणि हळू आवाजात भजनं लावली. टीव्ही चालू झाला आणि मी टीव्हीकडे न पाहता ह्यांच्याकडे पाहत राहिले. पहिला फोटो आला. ह्यांनी डोळे मिटले. मी टीव्ही बंद केला. थोड्या वेळानं डोळे उघडले. पुन्हा लावला. पुन्हा मिटले. 

मी रिमोट खाली ठेवला. 

"मामी," मी म्हटलं, "त्यांना नको आहे हे."

मामी म्हणाल्या की झोप आली असंल त्याला. मी म्हटलं नाही, पाहा तुम्ही. मामींना ते पाहायचं नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनी लेकासोबत तो टीव्ही पाहिला होता, सगळ्या आशा त्यात ठेवल्या होत्या. त्या उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. 

"तू बंद केलंस तर त्यानं कशाच्या आधारानं यायचं? आमी म्हातारी माणसं, बोलून बोलून जीभ वाळली आमची. त्यो डबा तरी बोलून राहिला व्हता त्याच्यासंगं."

मी त्यांना काय सांगणार होते? माझंही तेच होतं. तो टीव्ही बंद करायचा म्हणजे माझ्याकडे दुसरं काहीच उरत नव्हतं. आवाज संपले, चेहरे संपले, गाणी संपली. मी टीव्हीच्या आड येऊन खाटेवर ह्यांच्या तोंडाशी वाकले, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मामी मागे उभ्या होत्या. मी म्हटलं, "अहो, मी टीव्ही बंद करू का? बंद करायचा असंल तर डोळे मिटा." 

त्यांनी डोळे मिटले. 

योगायोग असेल म्हणून मी थांबले. डोळे उघडले. मग विचारलं, "चालू ठेवायचा का? चालू ठेवायचा असंल तर मिटा." डोळे उघडेच राहिले. आणि पहिल्यांदा, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, ते माझ्या तोंडावर टेकले. आरपार गेले नाहीत. मी बाजूला सरकले तर माझ्यासोबत सरकले. मामींनी मागून माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखायला लागला. मग त्या खाली बसल्या आणि जमिनीला कपाळ लावून रडू लागल्या. लेक स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी तिला हाक मारली. ती आली नाही, दारातच उभी राहिली.

मी टीव्ही बंद केला. घर एकदम इतकं शांत झालं की पंपाची घरघर मोठी वाटायला लागली.

पुढच्या तपासणीला नांदेडला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की मार लागलेल्या डोक्याला एका वेळी एवढं सोसत नाही. गाणं, हलणारी चित्रं, माणसांची कुजबुज, सगळं एकदम आदळतं आणि आतल्या माणसाला दार लावून घ्यावंसं वाटतं. एक आवाज, थोडा वेळ, मग शांतता. मी विचारलं की मग त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं का? डॉक्टर म्हणाले, ते कुणालाच सांगता येणार नाही. मी आजही हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. कळत नव्हतं असं मानलं तर ते सगळे दिवस वाया गेले, कळत होतं असं मानलं तर ते सगळे दिवस ह्यांनी कसे काढले असतील? 

त्यानंतर महिने गेले. फार हळू गेले. डोळे मिटणं म्हणजे हो, एवढ्या एका गोष्टीवर आम्ही संसार चालवला. पाणी हवं का, कूस बदलू का, दुखतं का. कधी ते दिवसभर उत्तरं द्यायचे, कधी दोन दोन दिवस काहीच नाही, आणि मग मला वाटायचं की पुन्हा गेले. त्या दोन दिवसांत शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी खडू हातात धरून तशीच उभी राहायची. पोरं म्हणायची, बाई, पुढं? 

दिवाळीच्या आधी नाकातली नळी निघाली. एका दुपारी दीर आले होते, क्रिकेटचा सामना होता म्हणून त्यांनी टीव्ही लावला, आवाज अगदी बारीक ठेवून. मी बाजूला भाजी निवडत होते. खाटेवरून घोगरा आवाज आला, घशात अडकलेला, अर्धाच. "बंद." 

दिरांच्या हातून रिमोट पडला. अपघातानंतरचा तो ह्यांचा पहिला शब्द. 'आई' नाही, माझं नाव नाही, लेकीचं नाही. मामी नंतर सगळ्या गल्लीला सांगत होत्या की लेकानं देवाचं नाव घेतलं. मी त्यांना अडवलं नाही.

तांड्यावरच्या लोकांचे फोटो कळमनुरीच्या त्या फोटोग्राफरनी निवडून, अल्बम करून पोचवले. नवरीचे वडील घरी येऊन गेले. त्यांनी फोटोंचा विषयच काढला नाही. ह्यांच्या पायांशी नारळ ठेवला, थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. आतल्या खोलीतली लग्नाची कामं आता तेच सोबती पाहतात. टीव्ही लेकीनं स्वयंपाकघरात नेऊन लावायला लावला. तिथे तो क्वचित चालू असतो.

हे आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. उजवा हात छातीशी दुमडलेला असतो. शब्द येतात, पण आपल्या मनानं येतात. मला कधी माझ्या नावानं हाक मारतात, कधी आपल्या बहिणीच्या. लेकीला 'पोरगं' म्हणतात, आणि ती आता हसून ओ देते. कधी सगळं नीट चाललेलं असताना एकदम चिडतात, ताट ढकलतात, आणि मग आपल्याच हाताकडे असं पाहतात की मला तिथून उठून जावं लागतं. हे किती सुधारेल, कुणी सांगत नाही. मी आता विचारायचंही सोडलं आहे.

महिन्यातून दोनदा त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आम्ही एसटीनं नांदेडला जातो. मागच्या वेळी त्यांनी चित्रांची कार्डं एकेक करून समोर धरली. ह्यांनी गाय म्हटली, कप म्हटला. छत्रीचं चित्र आलं तेव्हा हे फार वेळ पाहत राहिले, ओठ हलवत, गळ्याच्या शिरा ताणून. मी खुर्चीची कड दाबून धरली होती. शेवटी म्हणाले, "पाऊस." बाई म्हणाल्या की जवळ आले, खूप जवळ आले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं की चुकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मान फिरवून खिडकीकडे पाहिलं. 

परतीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा दिली. वसमत यायच्या आधीच ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि हळू आवाजात म्हणाला, झोपू द्या, मी मागून येतो.